वंचित भागांतील शालेय मुलांची मोफत कर्णतपासणी : स्वरूप, मर्यादा आणि पाठपुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

शालेय आरोग्य तपासणीत वजन, उंची, दात आणि डोळे यांना जे स्थान मिळाले, ते कानाला फार उशिरा मिळाले. दृष्टी कमी असलेले मूल फळ्याजवळ सरकते, डोळे बारीक करून पाहते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. त्याची अडचण शिक्षकांच्या लवकर ध्यानात येते. कमी ऐकू येणारे मूल मात्र असे काहीच करीत नाही. ते गप्प बसते, इतरांनी वह्या उघडल्या की आपलीही उघडते आणि प्रश्न विचारला असता हसून खाली पाहते. अशा मुलाची गणना बहुधा 'ढ' किंवा 'लक्ष नसलेला' विद्यार्थी म्हणून होते. आदिवासी व दुर्गम भागांतील शाळांत ही चूक अधिक सहजपणे घडते. प्रस्तुत लेखात शालेय कर्णतपासणीची पद्धती, तिच्यामागील वैद्यकीय कारणे आणि तपासणीनंतरच्या टप्प्यांचा विचार प्रामुख्याने पालघर जिल्ह्यासारख्या आदिवासीबहुल भागाच्या संदर्भात केला आहे.

हा संदर्भ निवडण्यास एक कारण आहे. शून्य ते अठरा वर्षे वयोगटातील बालकांच्या तपासणीसाठी केंद्र शासनाने हाती घेतलेल्या 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमात मूळ तीस आरोग्यस्थितींची जी यादी आहे, तीत जन्मजात बहिरेपणा, मध्यकर्णदाह आणि श्रवणदोष या तिन्हींचा समावेश आहे. फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट द्यावी, अशी त्याची रचना आहे. म्हणजे मुलांच्या कानांची मोफत तपासणी ही कल्पना आता नवीन राहिलेली नाही. प्रश्न तिच्या पुढचा आहे.

आकड्यांतील तफावत

भारतातील श्रवणदोषाचे प्रमाण किती, या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे मिळतात. २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाच्या कागदपत्रांत मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाच्या आधारे सुमारे ६ कोटी ३० लाख व्यक्तींना लक्षणीय श्रवणदोष असल्याचे नमूद आहे. ही तफावत केवळ मोजणीतील चुकांची नाही. जनगणनेतील प्रगणक घरी येऊन विचारतो आणि कुटुंबाला जे व्यंग वाटते तेच सांगितले जाते. ज्या मुलाला हाक मारली तर ऐकू येते, पण मागच्या बाकावरून शिक्षकांचे निम्मे शब्द कळत नाहीत, त्याला कोणी 'बहिरा' म्हणत नाही.

कायद्याची व्याख्याही याच बाजूला झुकलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारितांवर ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती 'बधिर' आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती 'कमी ऐकू येणारी' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात स्वीकारलेल्या वर्गीकरणात मात्र २० डेसिबलपासूनच सौम्य आणि ३५ डेसिबलपासून मध्यम श्रवणदोष मानला आहे. एक कान चांगला असून दुसऱ्यात ३५ डेसिबल किंवा अधिक ऱ्हास असेल, तर त्याचीही तेथे स्वतंत्र नोंद होते. शाळेतील बहुसंख्य अडचणी २० ते ६० डेसिबलच्या या पट्ट्यात असतात. या पट्ट्यातील मुलाला प्रमाणपत्र मिळत नाही. केंद्र शासनाच्या सहाय्यक साधनांच्या योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट असल्याने श्रवणयंत्रही त्या मार्गाने मिळत नाही. अशा मुलाचा शोध लागण्याची जवळजवळ एकमेव जागा म्हणजे शाळेतील तपासणी होय.

वाहणारा कान

वंचित भागांतील मुलांच्या श्रवणदोषाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय तपासणीची रचना ठरविता येत नाही. जन्मजात बहिरेपणाकडे लक्ष जाणे योग्यच आहे. परंतु शाळकरी वयात प्रामुख्याने भेडसावणारा विकार म्हणजे मध्यकर्णाचा जुनाट पूयुक्त दाह, ज्याला बोलीत 'कान फुटणे' किंवा 'कान वाहणे' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात या विकाराचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक असलेल्या गटात भारताचा समावेश होता, आणि या पातळीवरील प्रमाण तातडीने हाताळण्याजोगा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानले गेले होते.

या विकाराची सुरुवात बहुधा साध्या सर्दीने होते. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका लहान मुलांत आखूड आणि अधिक आडवी असते, त्यामुळे घशातील जंतुसंसर्ग सहज वर चढतो. मध्यकर्णात पू साचतो, दाब वाढतो, पडदा फाटतो आणि पू बाहेर येतो. पू बाहेर येताच वेदना थांबते. पालकांच्या दृष्टीने येथे आजार संपतो. वैद्यकीय दृष्टीने तो येथे जुनाट होण्यास प्रारंभ होतो. दाटीवाटीची घरे, चुलीचा धूर, कुपोषण, वारंवार होणारी सर्दी आणि उपचारांपर्यंत पोहोचण्यातील विलंब या सर्वांचा या विकाराशी निकटचा संबंध आहे. त्यामुळे ज्या वस्तीत हे घटक एकत्र येतात, तेथे वाहणारा कान हा बालपणाचा भागच समजला जातो. 'मोठा झाला की राहील,' असे वडीलधारी माणसेही सांगतात. काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते आणि म्हणूनच हा समज इतका टिकून आहे.

पडद्याला छिद्र पडल्याने, तसेच हातोडी, ऐरण व रिकीब या तीन हाडांच्या साखळीवर परिणाम झाल्याने होणारा श्रवणऱ्हास सामान्यतः २० ते ५० डेसिबलच्या दरम्यान असतो. तो वहनदोषाचा असतो. म्हणजे ध्वनी आतल्या कानापर्यंत पोहोचविण्याची यंत्रणा बिघडलेली असते, चेतातंतू शाबूत असतात. म्हणूनच तो बहुतांशी उपचारसाध्य आहे. कान कोरडा राखणे व प्रतिजैविक थेंब घालणे हा प्राथमिक उपचार आहे. स्वच्छ, शोषक कापसाची वात वळून ती कानात ठेवावयाची, ओली झाली की बदलावयाची, असे दिवसातून तीनदा तरी करावयाचे आणि कान कोरडा झाल्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब दोन आठवडे घालावयाचे. पडद्याचे छिद्र पुढेही राहिल्यास शस्त्रक्रियेने ते बुजविता येते. अपवाद एका प्रकाराचा आहे. स्राव थोडा पण अत्यंत दुर्गंधीयुक्त असेल, तर हाड कुरतडणाऱ्या विकाराची शंका घेणे आवश्यक असते. त्यातून चेहऱ्याचा पक्षाघात, मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा मेंदूतील गळू असे जीवघेणे उपद्रव संभवतात. अशा मुलास थेंब देऊन घरी पाठविणे चुकीचे ठरते.

घरगुती उपायांविषयीही येथे लिहिणे आवश्यक आहे. कोमट तेल, झाडपाल्याचा रस किंवा अंगावरचे दूध कानात घालण्याची चाल सर्वत्र आढळते. काडी, पिन व कानकोरणे यांचा वापर तर सर्रास होतो. तपासणी पथकाने याची केवळ निंदा केल्यास काहीच साध्य होत नाही. तेलाऐवजी वात, एवढीच अदलाबदल सुचविली असता ती स्वीकारली जाण्याची शक्यता अधिक असते, कारण वात वळणे हे घरातील प्रत्येक स्त्रीला येते.

तपासणीची पद्धती

शालेय कर्णतपासणीचे दोन भाग असतात : कान पाहणे आणि ऐकू येते का हे पाहणे. ऑटोस्कोप या छोट्या प्रकाशयुक्त उपकरणाने कानाची नळी व पडदा दिसतो. मळ, पू, छिद्र, अडकलेला खडा किंवा बी या गोष्टी त्यातूनच कळतात. मळ हे चाचणीत नापास होण्याचे सर्वसाधारण कारण असले, तरी शाळेच्या व्हरांड्यात पिचकारीने कान धुण्याचा मोह टाळला पाहिजे. मळामागील पडद्याला छिद्र असल्यास ते पाणी थेट मध्यकर्णात जाते.

दुसऱ्या भागात ऑडिओमीटर अर्थात श्रवणमापक यंत्राने, कानावर श्रवणफोन बसवून, १०००, २००० व ४००० हर्ट्झ या वारंवारितांचे शुद्ध स्वर ऐकविले जातात. स्वराची पातळी साधारणतः २० ते २५ डेसिबल ठेवली जाते. स्वर ऐकू आला की मुलाने हात वर करावयाचा किंवा लहान मूल असल्यास डब्यात एक मणी टाकावयाचा. ५०० हर्ट्झचा खालचा स्वर शाळेत सहसा वगळला जातो, कारण परिसरातील गोंगाट त्याला गिळून टाकतो. हा गोंगाट किरकोळ समजला जातो, पण निकाल सर्वाधिक बिघडविणारा घटक तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर असू नये. पत्र्याच्या छपराखाली, पाऊस पडत असताना आणि शेजारच्या वर्गात पाढे चालू असताना २० डेसिबलचा स्वर निर्दोष कानालाही ऐकू येणार नाही. अशा खोलीत केलेल्या चाचणीत निम्मा वर्ग नापास होतो, अथवा चाचणी घेणारा नकळत आवाज वाढवितो आणि सगळे पास होतात. दोन्ही निकाल निरुपयोगी असतात. म्हणून दिवसाच्या प्रारंभी चाचणी घेणाऱ्याने त्याच खोलीत स्वतःवर चाचणी करून पाहणे, हा नियम कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

चाचणीचा निकाल हे निदान नव्हे. तिच्यातून 'पुढे पाठवावे' किंवा 'तूर्त आवश्यकता नाही' एवढेच ठरते. सर्दीनंतर मध्यकर्णात साचलेला द्राव बऱ्याच मुलांत तीन महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे केवळ स्वरचाचणीत नापास झालेल्या, पण कान न वाहणाऱ्या मुलाची आठ ते बारा आठवड्यांनी फेरतपासणी करणे योग्य असते. असे केल्याने जिल्हा रुग्णालयात अकारण जाणाऱ्यांची संख्या घटते आणि खऱ्या रुग्णांना वेळ मिळतो.

भाषेचा पडदा

पालघरच्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू व तलासरी या तालुक्यांतील अनेक मुलांची घरची भाषा वारली, कातकरी किंवा कोकणा असते. शाळेची मराठी त्यांच्यासाठी नवी असते. अशा मुलाने सूचना चुकीची ऐकली, तर शिक्षक साहजिकच भाषेच्या अपरिचयाला कारण मानतात, आणि बहुतेक वेळा तेच कारण असतेही. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते नसते, त्यांचा श्रवणदोष भाषेच्या या पडद्याआड वर्षानुवर्षे झाकला जातो. त्यांची हानीही दुहेरी असते. परिचित भाषेत अर्धवट ऐकलेला शब्द मेंदू अंदाजाने पूर्ण करतो. अपरिचित भाषेत अंदाज करण्यास आधारच नसतो.

मराठीच्या रचनेचाही येथे विचार करावा लागतो. बोलण्यातील स्वर ठळक असतात, तर अघोष व्यंजने तुलनेने क्षीण असतात. 'शाळेत' या शब्दाच्या शेवटचा 'त' हा क्षीण ध्वनीच आहे. पण 'शाळे' आणि 'शाळेत' यांतील भेद त्यावरच उभा आहे. 'ताट' व 'थाट', 'पाट' व 'पाठ' यांतील फरक श्वासाच्या एका झुळकेचा आहे. श्रुतलेखनाच्या वहीत विभक्तिप्रत्यय सातत्याने गळत असतील, अल्पप्राण व महाप्राण अक्षरांची अदलाबदल होत असेल आणि तेच मूल फळ्यावरून उतरवून घेताना चुका करीत नसेल, तर त्याचा कान तपासून घेणे इष्ट आहे. ही वही शिक्षकाच्या हाताशी रोज असते. तीवरून निदान होणार नाही, मात्र पथक येईपर्यंत थांबण्याची गरजही राहणार नाही.

शुद्ध स्वरांच्या चाचणीचा मोठा गुण असा की, ती भाषेवर अवलंबून नसते. कुजबुजून शब्द म्हणावयास लावण्याची जुनी पद्धत मात्र येथे फसवी ठरते. अर्थात, 'आवाज आला की मणी टाक' ही सूचना तरी मुलाला त्याच्या भाषेत कळली पाहिजे. त्यासाठी वरच्या इयत्तेतील विद्यार्थी किंवा गावातील आशा कार्यकर्ती सोबत असणे पुरेसे असते.

'मोफत' या शब्दाचा हिशेब

कर्णतपासणी शिबिरांच्या अहवालांत एक आकडा ठळकपणे दिलेला असतो, तो म्हणजे तपासलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. किती मुलांना पुढे पाठविले, हेही पुष्कळदा असते. त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले आणि किती कान कोरडे झाले, हे क्वचितच असते. वस्तुतः तपासणीची उपयुक्तता याच शेवटच्या आकड्यावरून ठरते. ज्या मुलाचा कान वाहतो हे त्याच्या आईला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्या कानात दिवा लावून तेच पुन्हा सांगितल्याने काहीही बदलत नाही.

तपासणी मोफत असली, तरी तिच्यानंतरचा प्रवास मोफत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात संदर्भित बालकांचे उपचार व शस्त्रक्रिया विनामूल्य आहेत, हे खरे. परंतु पाड्यावरून तालुक्याला आणि तेथून जिल्ह्याला जाणे म्हणजे बसभाडे, सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या धाकट्या मुलांची व्यवस्था. एका फेरीत काम होत नाही. कान ओला असेल तर श्रवणालेख नंतर, शस्त्रक्रिया त्याहून नंतर. दुसऱ्या फेरीनंतर पालक येणे थांबवितात, तेव्हा त्यास 'पालकांची उदासीनता' असे नाव दिले जाते. हे नाव अन्यायकारक आहे.

या संदर्भात अलास्कातील एका अभ्यासाचा उल्लेख उचित ठरेल. परिस्थिती पूर्णतः वेगळी असली, तरी अंतराची अडचण सारखीच आहे. बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरातील १५ मूलनिवासी वस्त्यांमध्ये शालेय श्रवणचाचणीत दोष आढळलेल्या मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील पालकांना नेहमीप्रमाणे पत्र पाठविले गेले. दुसऱ्या गटात गावातीलच आरोग्य कर्मचाऱ्याने पडद्याची छायाचित्रे व चाचणीचे निकाल दूरवैद्यकाद्वारे तज्ज्ञांकडे पाठविले. २०२२ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नऊ महिन्यांच्या आत पाठपुरावा झालेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ३२.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ६८.५ टक्के होते. तपासणी दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो मुलाऐवजी त्याच्या कानाचे चित्र प्रवासाला गेल्यामुळे.

येथील आश्रमशाळांना याबाबतीत एक जमेची बाजू आहे आणि तिचा पुरेसा उपयोग झालेला नाही. वस्तीच्या शाळेतील मूल चार वाजता घरी जाते. आश्रमशाळेतील निवासी मूल रात्रंदिवस एकाच ठिकाणी असते आणि त्याच्यावर देखरेख करणारे अधीक्षक किंवा अधीक्षिकाही तेथेच असतात. दिवसातून तीनदा वात बदलणे आणि दोन आठवडे न चुकता थेंब घालणे मजुरीला जाणाऱ्या आईला कठीण आहे, पण वसतिगृहाच्या दिनक्रमात ते सहज बसते. त्यासाठी कापूस, थेंब, अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आणि एक नोंदवही एवढेच लागते. नोंदवहीत मुलाचे नाव, कोणता कान, उपचार सुरू केल्याची तारीख आणि कान कोरडा झाल्याची तारीख असे रकाने असावेत. ही नोंद भिंतीवर लावू नये. ज्याच्या कानाला वास येतो त्याच्या शेजारी बसण्यास मुले आधीच नाखूश असतात. त्यात यादी जाहीर झाली, तर पुढच्या तपासणीस ते मूल कान दाखविणार नाही.

ज्यांचे ऐकणे उपचारानंतरही पूर्ववत होत नाही, त्यांच्यासाठी वर्गातील बदल शिल्लक राहतात. पुढच्या बाकावर, पण चांगला कान शिक्षकांच्या बाजूस येईल असे बसविणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे आणि सूचना लिहूनही देणे, हे त्यांतील साधे बदल होत. श्रवणयंत्राची आवश्यकता असलेल्यांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, तसेच वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे मार्ग उपलब्ध आहेत. यंत्र मिळाल्यावर त्याच्या बॅटऱ्या कोठून येणार, हा प्रश्न मात्र ते देतानाच सोडवावा लागतो.

वेळापत्रक आणि स्थलांतर

तपासणी केव्हा व्हावी, हा प्रश्न प्रशासकीय वाटला तरी तो उपचारांशी निगडित आहे. पावसाळ्यात सर्दी व साचलेल्या पाण्यातील पोहणे यांमुळे कान अधिक वाहतात. पण त्याच काळात पत्र्यावरील पावसामुळे स्वरचाचणी अशक्य होते. दिवाळीनंतर हवा कोरडी व परिसर शांत असतो, तथापि तोपर्यंत पालघरमधील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मराठवाड्यात हीच गोष्ट ऊसतोडीच्या हंगामात घडते. डिसेंबरमध्ये शाळेत आलेल्या पथकाला पटावरील जी मुले भेटत नाहीत, त्यांच्यातच जोखीम अधिक असलेल्यांचा भरणा असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये केवळ ऑटोस्कोपने कान पाहून वाहणाऱ्या कानांचे उपचार सुरू करावेत आणि पाऊस ओसरल्यावर, स्थलांतरापूर्वी, स्वरचाचणी उरकावी, असे दोन टप्पे करणे अधिक व्यवहार्य ठरते.

जी मुले तरीही पालकांसोबत जातात, त्यांच्यासाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था आहे. गावची शाळा सोडताना हे पत्रक मुलासोबत जाते आणि नव्या ठिकाणच्या शाळेत त्याआधारे प्रवेश मिळतो. त्यावर कानाविषयी एक ओळ जोडण्यास वेगळा निधी लागत नाही : कोणता कान वाहतो, थेंब कोणत्या तारखेपर्यंत घालावयाचे आहेत आणि फेरतपासणी केव्हा आहे.